घुम्या सिनेमा सांगतो

त्याला सगळे घुम्या म्हणत, आणि त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. धंदाच तसा होता. सोफे, खुर्च्या, दवाखान्यातली बाकं यांना नवं कापड चढवायचं तर चुका, म्हणजे बारीक खिळे, तोंडात धराव्या लागतात. एक ओठांतून काढायची, हातोडीने ठोकायची, तोवर जिभेने दुसरी पुढे सरकवायची. वडिलांच्या हाताखाली मिसरूड फुटायच्या आधीपासून तो हे करत आला होता. तोंडात चुका धरणारा माणूस बोलणार काय, आणि बोललाच तर गिळणार काय. कामाच्या वेळची ही सवय जेवणाच्या पानावर आली, तिथून पाहुण्यांत गेली. लग्नाची बोलणी दोनदा होत आली आणि मोडली. मुलीकडच्यांनी विचारलं, "मुलगा नाराज आहे का?" थोरली बहीण म्हणाली, "नाही हो, खुशीत आहे. खुशीत असला की असाच बसतो." त्यांना ते पटलं नाही.

ही थोरली बहीण, ताई, नवरा गेल्यावर माहेरी आली ती इथेच राहिली. खाली सोफ्याचं दुकान, वर दोन खोल्या. ती भावाच्या वाटचंही बोलायची, त्यामुळे घरात शांतता अशी कधी नसायची.

असा हा मऊ माणूस. मुंगी पायाखाली आली तर पाऊल वळवणारा, सुई टोचून घ्यायची झाली तर तोंड फिरवणारा. आणि तो जगातले सगळ्यांत रक्ताळलेले सिनेमे आवडीने बघतो हे कळलं की लोक चाट पडायचे. ताई त्या सगळ्या सिनेमांना मिळून 'कापाकापी' म्हणायची. "जातोय वाटतं कापाकापीला," एवढंच.

याची सुरुवात एका सोफ्यापासून झाली. तीन गल्ल्या सोडून एक व्हिडिओचं दुकान होतं. त्याच्या मालकाला लोक शेठ म्हणत, ते गमतीनेच, कारण शेठजवळ त्या कॅसेटी, पुढे त्या तबकड्या, आणि न थांबणारी जीभ यापलीकडे मिळकत नव्हती. दुकानाच्या मागच्या खोलीत एक सोफा होता, त्याच्या स्प्रिंगा बसल्या होत्या. घुम्या तो उघडून खाली बसला आणि शेठने करमणूक म्हणून समोर एक कोरियन सिनेमा लावून दिला. पडद्यावरचा माणूस कुणाला तरी शोधत होता आणि वाटेत येईल त्याचं हाड जागेवर ठेवत नव्हता. थोड्या वेळाने शेठच्या लक्षात आलं की ठोकायचा आवाज बंद झालाय. सिनेमा संपला तेव्हा सोफ्याचं पोट तसंच उघडं होतं आणि घुम्याच्या तोंडातल्या चुका तशाच तोंडात.

"कसा वाटला?" शेठने विचारलं.

घुम्याने चुका एकेक करून तळहातावर काढल्या. "परत लावा," तो म्हणाला.

त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. एकाला बोलायला माणूस हवा होता, दुसऱ्याला न बोलता बसायला जागा.

पुढे रविवारी दुपारी जेवणं आटोपली की त्या खोलीत चौघं जमू लागली. उरलेल्या दोघांतली एक सिस्टर. ती ऑपरेशन थिएटरमध्ये नोकरीला होती. आठवडाभर खरं रक्त पुसायची आणि रविवारी खोटं बघायला यायची. "इथे कुणी ओरडलं तरी मला उठावं लागत नाही," ती म्हणायची. दुसरा औषधाच्या दुकानातला कंपाउंडर, वयाने सगळ्यांत लहान. कुठल्या सिनेमावर कुठे बंदी आहे हे त्याला तोंडपाठ, आणि बंदी आहे म्हणजे सिनेमा चांगला, असं त्याचं सरळ गणित.

सुरुवात व्हायची ती 'या आठवड्यात कुणी काय बघितलं' इथून.

"एक थाई भुताचा बघितला," कंपाउंडर सांगायचा. "शेवटी बाईच्या पोटातून केस निघतात. हातभर लांब. मी जेवत होतो, ताट बाजूला सारलं."

"मग चांगला असणार," शेठ म्हणायचा.

"पोटातून केस खरंच निघतात," सिस्टर शांतपणे म्हणायची. "आमच्याकडे एकीच्या निघाले. खायची सवय होती तिला."

"मग काय केलंत?"

"काय करणार? टाके घातले, घरी पाठवली."

कंपाउंडरचा जीव इंडोनेशियन मारामाऱ्यांत. सिस्टरला हाँगकाँगचे जुने सिनेमे आवडत, कारण त्यांत माणसं मरताना भाषण करत. "खरी माणसं मरताना पाणी मागतात," ती म्हणायची. शेठची मतं सगळ्यांत लांब. "जपानी सिनेमावाला काय करतो, तुम्हाला रिकामी खोली दाखवतो. दाखवतच राहतो. शेवटी तुम्हीच म्हणता, बाबा रे, काय यायचं ते येऊ दे एकदाचं. आणि कोरियन सूडाच्या सिनेमात सूड पुरा होतो, आणि मग त्या माणसाला कळत नाही की आता संध्याकाळी करायचं काय. तो जो चेहरा होतो ना त्याचा, त्यासाठी मी सगळा सिनेमा बघतो." घुम्याचं मत विचारलं की तो 'बरा', 'लांबला' किंवा 'परत लावा' म्हणायचा. चौथं मत नव्हतं.

शेठला एकच मुलगी होती. कॉलेजात जात होती. ती तापाने गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली आणि आठवडा उलटायच्या आत होत्याचं नव्हतं झालं. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं होतं, औषधं वेळेवर पडली होती, कुणाकडे बोट दाखवावं अशी जागाच नव्हती. मागची खोली बरेच रविवार बंद राहिली. मग एकदा शेठने सगळ्यांना निरोप धाडला आणि सिनेमा लावला तो नेमका बापाचा. मुलीला मारणाऱ्यांना शोधून शोधून संपवणाऱ्या बापाचा. कंपाउंडर सिस्टरकडे बघत राहिला, सिस्टर स्वतःच्या पायांकडे. सिनेमा संपल्यावर शेठ म्हणाला, "नशीबवान आहे. त्याला निदान माहीत आहे कुणाला मारायचं."

घुम्याने उठून प्रोजेक्टर बंद केला, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचलं नाही.

त्यानंतर शेठ मुलीबद्दल बोलला नाही. वहिनीही नाही. वहिनी म्हणजे शेठची बायको. त्या खोलीत कधी यायच्या नाहीत, दुपारभर पुढच्या दुकानात बसून शिवणकाम करायच्या.

काळ पालटला. लोक सिनेमे घरबसल्या फोनवर बघू लागले आणि दुकानाच्या फळीवर धूळ साचली. शेठने दुकान एका झेरॉक्सवाल्याला भाड्याने दिलं, मागची खोली आणि वहिनींच्या शिलाई मशीनपुरता एक कोपरा तेवढा ठेवला. मग साखरेच्या आजाराने शेठचे डोळे धरले. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांचा पडदा खराब झालाय. शेठने येऊन सगळ्यांना सांगितलं, "पडदा फाटला म्हणतात. थिएटर चालू आहे अजून." हसला तोच.

आधी त्याला पडद्यावर खाली येणाऱ्या हिंदी भाषांतराच्या ओळी वाचता येईनात, मग चेहरे ओळखू येईनात. तो ते कबूल करायचा नाही. एका रविवारी घुम्याने बघितलं, शेठ पडद्याकडे नाही, पडद्याच्या डावीकडच्या भिंतीकडे तोंड करून बसला होता. डोळे उघडे, मान किंचित हलते आहे, जणू सगळं कळतंय. भिंतीवर एक खिळा होता आणि त्यावर जुनं कॅलेंडर. शेठ ते बघत होता, म्हणजे तेही बघत नव्हता.

पडद्यावर एक म्हातारी बोलत होती. खाली ओळ आली. घुम्याने ती मोठ्याने वाचली. "ती म्हणते, दार उघडू नकोस."

तिघंही वळून त्याच्याकडे बघायला लागले. शेठसुद्धा, आवाजाच्या दिशेने. घुम्याने पुढची ओळ वाचली.

मग ते रोजचंच झालं. दुपारी काम थांबवून घुम्या शेठकडे जायचा. शाळा त्याने अर्धवट सोडलेली, वाचायचा गोगलगाईच्या चालीने, ओळ निम्मी वाचून होईतो पळून जायची. मग तो सिनेमा थांबवायचा, ओळ पुरी करायचा, पुन्हा चालू करायचा. पण नुसत्या ओळी वाचून शेठचं भागेना.

"काय चाललंय?"

"मारतोय."

"कोण कुणाला?"

"लांब केसवाला. जाड्याला."

"कशाने?"

"पाइपने."

"कुठे मारतोय?"

"गोदामात."

"अरे लेका, अंगावर कुठे?"

घुम्याने पुढे वाकून बघितलं. "गुडघ्यावर."

"मग?"

"मग... गुडघा राहिला नाही."

शेठ इतका हसला की वहिनी हातातलं शिवण घेऊन दाराशी आल्या. कित्येक महिन्यांत त्यांनी नवऱ्याचं ते हसू ऐकलं नव्हतं. त्या काही न बोलता परत गेल्या.

हळूहळू घुम्या शिकला. खोली केवढी, दिवा कुठे, माणूस उभा कसा, हात कुठे ठेवलाय, सगळं सांगायला शिकला. पण त्याला एक गोष्ट नव्याने कळली आणि ती त्याने कुणाला सांगितली नाही. नुसतं बघताना त्याला कधी काही व्हायचं नाही. डोळ्यांतून आत गेलेलं आतच मुरून जायचं. आता तेच तोंडातून काढायचं म्हणजे त्याला शब्द शोधावा लागायचा, आणि शब्द शोधायला त्या जखमेजवळ जाऊन उभं राहावं लागायचं. जखम म्हणायची की भोक म्हणायचं? बाई ओरडते म्हणायचं की बोलावते? दिवसभर उशांची पोटं फाडून कापूस उपसणारा माणूस, पण सिनेमा सांगून आला की त्या संध्याकाळी त्याला एकही उशी उघडवायची नाही.

तोंड सैल झालं ते मात्र झालंच. एकदा जेवताना त्याने ताईला एक अख्खा सिनेमा सांगितला. नवऱ्याला विष घालणाऱ्या बाईचा. ताईचा घास हातातच राहिला. "जन्मभर तोंड उघडलं नाहीस," ती म्हणाली, "आणि उघडलंस ते जेवणाच्या पानावर हे सांगायला." दुसऱ्या दिवशी भांडी आवरताना तिनेच विचारलं, "मग त्या बाईचं पुढे काय झालं?"

असं वर्षभर चाललं असेल. मग कंपाउंडरने एक नवा कोरियन सिनेमा आणून दिला. "मी बघितलाय," तो म्हणाला. "सांगत काही नाही. रविवारी बोलू."

सिनेमा मासळीच्या शीतगृहात काम करणाऱ्या एका बापाचा होता. त्याची मुलगी एके दिवशी घरी येत नाही. तो सगळं शहर पालथं घालतो, एकेका माणसाला गाठतो, एकेकाकडून थोडं थोडं ओकवून घेतो. घुम्या सांगत होता, शेठ गुडघे पोटाशी घेऊन ऐकत होता. शेवटी बापाला जो पत्ता मिळतो तो त्याच्याच शीतगृहाचा असतो. रोज ज्या बोळातून तो गाडी ढकलत गेला, त्या बोळातलं कुलूपबंद दार.

बापाने दार उघडलं. घुम्याला आतलं दिसलं.

मुलगी शेठच्या मुलीएवढी असेल. भिंतीला टेकून बसवलेली, पापण्यांवर बर्फ. खोलीत बोलणं नव्हतं, ओळ नव्हती. यंत्राची घरघर आणि बापाचा श्वास, एवढाच आवाज. बापाने हातमोजे काढले, तिचे हात हातांत घेतले आणि त्यांवर फुंकर घालायला लागला. ऊब यावी म्हणून. फुंकर घालतोय, थांबतोय, बघतोय, पुन्हा फुंकर घालतोय.

"काय आहे?" शेठने विचारलं. "उघडलं ना दार?"

"उघडलं."

"मग?"

घुम्याने तोंड उघडलं. "आहे," तो म्हणाला. "आत आहे. बसलीय."

"कशी?"

"जिवंत."

शेठ हलला नाही. "आवाज नाही तिचा."

"थंडीने. बोलवत नाही तिला. ओठ हलतायत."

"काय म्हणते?"

पडद्याच्या खाली काहीच नव्हतं. घुम्याने तिथे बघत सावकाश, नेहमी वाचायचा तसं अडखळत म्हटलं, "म्हणते, बाबा... मला... घरी न्या."

त्याच वेळी पडद्यावरचा बाप रडायला लागला. मुलगी जिवंत असो की मेलेली, ते रडणं दोन्हीकडे चालण्यासारखं होतं. शेठने हल्ली लावायचा तो काळा चष्मा काढला आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. नावं सरकून गेली, आवाज संपला, तरी तो तसाच बसून होता. "लेका," तो शेवटी म्हणाला, "याला धाडस लागतं. अशा सिनेमात पोरीला कुणी जिवंत ठेवत नाही."

घुम्या घरी गेला तो न जेवता झोपला. रविवारच्या आत कंपाउंडरला गाठून सावध करावं असं त्याच्या मनात आलं. तो औषधाच्या दुकानापर्यंत गेलाही. गिऱ्हाइकांची गर्दी होती. सगळ्यांसमोर काय सांगणार, कसं सांगणार, असं म्हणत थोडा वेळ पायरीशी उभा राहिला आणि परत आला.

रविवारी शेठ सगळ्यांच्या आधी खुर्चीवर येऊन बसला होता. दाढी केलेली, शर्ट धुतलेला. सगळे बसताच त्यानेच सुरुवात केली. "मी आजवर म्हणत आलो की हे लोक सूड दाखवतात आणि माणसाला रिकामा सोडतात. यावेळी मी माझा शब्द मागे घेतो. त्या दिग्दर्शकाने शेवटी पोरगी बापाच्या हवाली केली. घरी न्या म्हणाली ती. एवढं सगळं रक्त त्या एका वाक्यासाठी होतं."

कंपाउंडर हसला. "कुठला सिनेमा बघितलात, काका? ती तर केव्हाच मेलेली असते."

बोलून झाल्यावर त्याला सिस्टरचा चेहरा दिसला, मग घुम्याचा. तो घाईने म्हणाला, "नाही, म्हणजे... मला काय माहीत. मी नीट बघितला नसेल."

"कधी कधी दोन शेवट करतात," सिस्टर म्हणाली. "एका देशात एक, दुसऱ्या देशात दुसरा."

शेठने दोघांचंही ऐकून घेतलं. त्याने घुम्याच्या दिशेने तोंड वळवलं. "घुम्या."

घुम्या बोलला नाही.

"दार उघडल्यावर काय असतं?"

घुम्या बोलला नाही.

"सगळे मला फसवतात," शेठ म्हणाला. आवाज चढला नव्हता. "बायको म्हणते, डोळे सुधारतायत. डॉक्टर म्हणतो, बघू. झेरॉक्सवाला म्हणतो, शेठ, तब्येत झकास दिसते. ते मला चालतं. त्यांचं काम आहे ते. तू माझे डोळे होतास रे. मी तुला दया करायला बोलावलं नव्हतं." थोडं थांबून म्हणाला, "अजून काय काय बदललंस? तो गुडघा, तो तरी खरा होता का?"

"होता."

"कशावरून?"

घुम्या उठला, चपला घातल्या आणि निघाला. मागून कुणी हाक मारली नाही.

पुढचे महिने तो पुन्हा पहिल्यासारखा झाला. तोंडात चुका, हातात हातोडी. ताईने दोन-तीनदा विचारलं, मग तिला काय ते कुणाकडून तरी कळलं असावं, कारण तिने कापाकापीचं नाव काढणं सोडलं. शेठच्या गल्लीतलं एक काम आलं तेव्हा घुम्याने खुर्च्या हातगाडीवर घालून आपल्या दुकानात आणवल्या, पण गल्लीत पाऊल टाकलं नाही.

मग एक दिवस सिस्टर ड्यूटीच्याच कपड्यांत दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. शेठची मूत्रपिंडं निकामी झाली होती. दवाखान्यात नेऊन मशीनवर रक्त शुद्ध करून आणत होते, तेही शेठने आता नको म्हटलं होतं. त्याला घरी आणलं होतं.

"बोलावलंय त्यांनी?" घुम्याने विचारलं.

"नाही," सिस्टर म्हणाली. "तुमचं नावसुद्धा घेतलं नाही. पण मी सांगते म्हणून या. फार उशीर करू नका."

शेठची खाट खिडकीशी होती. दुपारचं ऊन पायांवर पडलं होतं आणि पाय सुजून दुसऱ्याच कुणाचे वाटत होते. वहिनी उशाशी स्टुलावर बसल्या होत्या. घुम्या दारातच थांबला.

"कोण आलंय?" शेठने विचारलं. घुम्याला आवाज फुटेना. शेठने थोडी वाट बघितली. "न बोलणारा माझ्या ओळखीत एकच आहे. ये, बस."

घुम्या खाटेच्या कडेला बसला.

"तो सिनेमा सांग," शेठ म्हणाला. "शीतगृहाचा. खरा सांग."

"आत्ता?"

"मग कधी?"

पडदा नव्हता, ओळी नव्हत्या. पण घुम्याला सगळं पाठ होतं, कारण ते दार त्या दिवसापासून त्याच्यासमोर उघडंच राहिलं होतं. त्याने बापाच्या पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. काही गाळलं नाही. तो बोळापर्यंत आला, कुलपापर्यंत आला, "दार उघडतो," म्हणाला, आणि वहिनी उठून खोलीबाहेर गेल्या.

"गेली का ती?" शेठने विचारलं.

"हो."

"सांग पुढे."

घुम्याने सांगितलं. भिंत सांगितली, पापण्यांवरचा बर्फ सांगितला, एका पायात बूट होता आणि एका पायात नव्हता हेही सांगितलं. बापाने हातमोजे काढले ते सांगितलं. फुंकर घालतो आणि थांबून बघतो, ते सांगताना त्याचा आवाज दोनदा गेला, पण त्याने तो पुन्हा धरून आणला.

शेठ म्हणाला, "ही फुंकर. ही पदरची नाही ना घातलीस?"

"नाही. सिनेमात आहे."

"मग बरोबर आहे." त्याने डोळे मिटले. "बाप असाच करणार. तू सांगितलेला शेवट पण वाईट नव्हता, लेका. पण खरा नव्हता."

"नव्हता," घुम्या म्हणाला.

"आता माझं सांग. मी कसा दिसतोय? इथे मला कुणी सांगत नाही."

घुम्याने बघितलं. पडद्याकडे बघायचा तसंच बघितलं, वरून खाली. "सूज आहे. डोळ्यांखाली जास्त. रंग राखेसारखा झालाय. ओठ फुटलेत. दाढी कुणी केलीय? डावीकडे राहिलीय."

"मीच केली. चाचपडत."

"वाकडी झालीय."

"किती दिवस वाटतात?"

"ते मला दिसत नाही," घुम्या म्हणाला.

शेठ हसला, आवाज न करता. घुम्याने पाणी मागवलं, साबण मागवला आणि डावीकडची राहिलेली दाढी करून दिली. कापडावर कात्री चालवणारा हात, कुठे ओरखडा उठला नाही. पुढचा रविवार यायच्या आत शेठ गेला. घुम्या तेव्हा तिथे नव्हता, एका हॉटेलच्या खुर्च्या करत होता. कंपाउंडरने फोन केला आणि फोनवरच रडला. त्या रविवारचं ते एक वाक्य त्याला सलत होतं. घुम्याने त्याला सांगितलं की तू बोललास ते खरंच होतं.

काही आठवड्यांनी वहिनींचा निरोप आला. मागची खोली पण झेरॉक्सवाल्याला द्यायची होती. तेवढा सोफा तुम्ही घेऊन जा, मला त्याचं काय करायचं. घुम्या गेला तेव्हा पडदा गुंडाळून भिंतीशी उभा केला होता, तबकड्या खोक्यांत भरल्या होत्या. सोफा उचलायला हमाल यायचे होते. वहिनी आत आल्या आणि सोफ्याच्या एका टोकाला बसल्या. घुम्या उभाच राहिला, तेव्हा म्हणाल्या, "बसा ना, भावजी."

तो दुसऱ्या टोकाला बसला.

"त्या दिवशी मी उठून गेले," वहिनी म्हणाल्या. "तुमच्यावर रागावून नाही गेले. दाराबाहेरच उभी होते. सगळं ऐकलं."

घुम्या मान खाली घालून बसला होता.

"तुम्ही ह्यांना आधी दुसरा शेवट सांगितला होतात, ते सिस्टरने मला सांगितलं. मला दोन्ही नकोत. माझ्या मुलीचं काय झालं ते मला माहीत आहे. मी तिथे होते. हे कॉरिडॉरमध्ये डॉक्टरांशी बोलत होते. ह्यांनी मला कधी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय मी कशी सांगणार. वर्षानुवर्षं ते इथे बसून जगातली सगळी मरणं बघत राहिले आणि मी पलीकडे शिलाई मशीनवर पाय मारत राहिले."

बाहेर झेरॉक्सचं यंत्र चालू होतं. वहिनी थोडं थांबून बोलायला लागल्या. घुम्या सिनेमा सांगायचा त्याहूनही त्या सावकाश सांगत होत्या, आणि मध्ये कुठे थांबवून पुन्हा चालू करायची सोय नव्हती.

"दुपार होती. ताप उतरला होता. मला वाटलं, आता बरं वाटेल. ती म्हणाली, आई, पंखा बंद कर, थंडी वाजते. मी उठले. बटणं बरीच होती, कुठलं पंख्याचं कळेना. आधी दिवा गेला. ती हसली. 'ते नाही गं,' म्हणाली. मग मला सापडलं. पंखा थांबायला वेळ लागतो ना, मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. वळले तर ती तशीच होती, हसत होती तशीच. मी तिचे हात चोळायला घेतले. थंडी वाजते म्हणाली होती ना. हात गरम होते, भावजी. चांगले गरम होते. तरी मी चोळतच राहिले."

घुम्याने बोलायला शब्द शोधला. वर्षभराच्या सवयीने तो आता शब्द शोधू शकत होता. पण हाताला लागेल असा एकही नव्हता.

"काही बोलू नका," वहिनी म्हणाल्या. "ऐकलंत तेवढं पुरे."

हमाल आले. घुम्याने दारातूनच त्यांना नंतर यायला सांगितलं आणि परत येऊन बसला. वहिनी पुढे सांगत होत्या. मुलगी शिवायला कशी शिकत होती, सुईत दोरा ओवताना जीभ कशी बाहेर काढायची, बापाच्या सिनेमांना काय काय नावं ठेवायची. मधेच त्या हसल्या, मग पुन्हा तिथेच, बटणांपाशी आल्या. खोलीतलं ऊन भिंतीवर चढत गेलं. घुम्या ऐकत बसला.